उत्तर: लंडनला चार दिवसांसाठी ऑयस्टर कार्ड घ्यावं का?
वर विचारलंय म्हणून सांगते, माझ्या मते गरज नाही. ऑयस्टर म्हणजे तिथल्या बस-मेट्रोसाठी आधी पैसे भरून वापरायचं कार्ड. कोऱ्या कार्डासाठी मोजलेले पैसे परत मिळत नाहीत, आणि मोठ्या माणसांना काँटॅक्टलेस बँक कार्डानेही तेच भाडं पडतं. दिवसभराच्या भाड्याची कमाल मर्यादाही लागू होते. फक्त आपली बँक परकीय चलनावर किती कापते, ते निघण्याआधी बघून घ्या.

आम्ही केलेली चूक तुम्ही करू नका. ट्यूबमध्ये, म्हणजे लंडनच्या भुयारी मेट्रोत, शिरताना मी कार्ड टेकवलं आणि बाहेर पडताना घाईत फोन. खातं एकच, पण यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी माणसं! दोन अर्धवट प्रवास धरले गेले आणि दोन्हींना जास्तीत जास्त भाडं लागलं. बसमध्ये मात्र चढतानाच टेकवायचं, उतरताना नाही. रोख पैसे २०१४ पासून चालत नाहीत. पहिल्या बसनंतर तासाभरात दुसरी धरली तर तिचं वेगळं भाडं पडत नाही.

आणि ट्यूबच्या नकाशाला भुलू नका, त्यावरून खरं अंतर कळत नाही. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन ही दोन स्टेशनं जेमतेम पाव किलोमीटरवर, चालतच जा. कॉव्हेंट गार्डनला लिफ्टची गर्दी बघून आमच्या चिरंजीवांनी जिना धरला. १९३ पायऱ्या! वर आल्यावर बराच वेळ बोलले नाहीत, तेवढीच शांतता.

टॅक्सीचं म्हणाल, तर काळ्या कॅबचा वरचा दिवा पेटलेला असेल तर हात दाखवा, मीटरने नेतात. मिनीकॅब, म्हणजे खासगी भाड्याची गाडी, आधी बुक केलेलीच हवी. स्टेशनबाहेर कुणी ‘टॅक्सी हवी का’ विचारत मागे लागला, तर सरळ पुढे चालू लागा.