नेटवर्क स्विचवरची प्रोसेस मेली की आपोआप उठवायची? माझं मत: सरसकट नाही

वाळूज_रात्रपाळी:
वाळूज, चिकलठाण्यातल्या कारखान्यांची नेटवर्क बघताना एक वाक्य रोज कानावर येतं: ‘स्विच चालू आहे, पिंग लागतोय.’ याच वाक्याची मला धास्ती वाटते. हल्लीचे बरेच मॅनेज्ड स्विच आतून लिनक्सवर चालतात. फ्रेम (डेटाचे तुकडे) इकडून तिकडं टाकायचं काम चिपचं. स्पॅनिंग ट्री (डेटा गोल-गोल फिरत राहू नये, म्हणजे लूप होऊ नये म्हणून जादा पोर्ट अडवणं), रूटिंग (वाट ठरवणं), एसएनएमपी (देखरेखीला आकडे देणं) ही कामं वेगवेगळ्या प्रोसेसची, म्हणजे आत चालणाऱ्या प्रोग्रामची. पिंगला, म्हणजे ‘आहेस का?’ या हाकेला उत्तर देतो कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा. त्यामुळं स्पॅनिंग ट्रीची प्रोसेस अडकून पडली तरी पिंग लागतो आणि पोर्टचे दिवेही लुकलुकत राहतात.

पुढं काय होतं बघा. आरएसटीपीत (स्पॅनिंग ट्रीची वेगवान आवृत्ती) दर २ सेकंदांनी हॅलो, म्हणजे ‘मी आहे’ असा निरोप जातो. सलग ३ हॅलो चुकले, म्हणजे ६ सेकंद झाले, की शेजारचा स्विच पलीकडं कुणी नाही असं धरतो आणि अडवून ठेवलेलं पोर्ट उघडतो. इकडची चिप तर फ्रेम ढकलतच असते. झाला लूप, बसली अख्खी लाइन.

म्हणून यादीत प्रोसेसचं नाव दिसतंय एवढ्यावर समाधान मानू नका. तिनं स्वतः ठरावीक वेळानं ‘मी जिवंत आहे’ असा ठोका दिला पाहिजे, आणि तो मुख्य कामाच्या फेऱ्यातूनच निघाला पाहिजे. सिस्टिमडीतला (लिनक्समध्ये प्रोसेस सुरू करणारा, सांभाळणारा प्रोग्राम) वॉचडॉग, म्हणजे ठोक्यावर नजर ठेवणारा पहारेकरी, त्यासाठीच आहे. ठोक्याला वेगळा थ्रेड (त्याच प्रोसेसमधला स्वतंत्र चालणारा भाग) ठेवला तर काम अडकतं आणि ठोका मात्र चालूच राहतो.

आपोआप रीस्टार्टबद्दलही माझी हरकत आहे. सिस्टिमडीची मूळ मर्यादा १० सेकंदांत ५ वेळा सुरू करण्याची. धडाधड पडणारी प्रोसेस तिथं सापडते. पण मेमरी हळूहळू गळतेय आणि प्रोसेस दोन दिवसांनी एकदा मरतेय, ती या चाळणीतून आरामात सुटते. वर्षभर कुणाला पत्ता लागत नाही.

उदगीर_लाइन:
सर, तुम्ही वाळूजला बसून बोलायलात. रात्री दोनला फोन आला की गाडी काढून अर्ध्या तासात पोचता. आमच्याकडं तालुक्याच्या शाखांत स्विचपाशी माणूसच नसतो. लातूरहून निघून मी पोचेपर्यंत सकाळचं काउंटर उघडायची वेळ होते. तिथं लोक पीकविम्याचे पैसे काढायला रांगेत असतात, त्यांना मेमरी गळतीचं काय सांगू? मेली की उठवा, बाकी तपास नंतर. प्रोसेस उठवायला सेकंद लागतात, मला तास लागतात.

वाळूज_रात्रपाळी:
दादा, अडचण खरी आहे. पण ‘मेली की उठवा’ सगळ्या प्रोसेसना लावू नका. सोनिकचंच उदाहरण घ्या. मायक्रोसॉफ्टनं २०१६ मध्ये खुली केलेली आणि २०२२ पासून लिनक्स फाउंडेशनकडं असलेली ही स्विचची प्रणाली. तिच्यात एलएलडीपी (शेजारचं यंत्र ओळखणारी), एसएनएमपी, बीजीपी (रूटिंगची) वेगवेगळ्या कंटेनरमध्ये, म्हणजे एकमेकांपासून वेगळ्या कप्प्यांत असतात. एसएनएमपी मेली तर फक्त आलेख कोरा राहतो, ती बिनधास्त उठवा. पण चिपशी बोलणारी सिंकडी पडली की तिच्यासोबत एसडब्ल्यूएसएस (चिपमध्ये काय भरायचं ते ठरवणारी सेवा) पण पुन्हा सुरू होते, चिप नव्यानं भरली जाते आणि तेवढा वेळ ट्रॅफिक थांबते. भर शिफ्टमध्ये असं आपोआप झालेलं मला चालणार नाही.

गोदाकाठ_नांदेड:
मला दोघांचंही पटत नाही. देखरेखीचाच अतिरेक व्हायलाय. स्विचचा सीपीयू काय ताकदीचा असतो? एक सर्व्हर एसएनएमपीनं सगळी मॅक टेबल (कोणतं यंत्र कोणत्या पोर्टवर ही यादी) ओढतो, दुसरा प्रोसेसची यादी मागतो, तिसरी कुणाची तरी स्क्रिप्ट दर मिनिटाला लॉगिन करते. सीपीयू शंभरावर जातो आणि तुमचा तो लाडका हॅलोच उशिरा निघतो. म्हणजे देखरेखीनंच आजार आणला. लूपची भीती असेल तर लूप गार्ड लावा. हॅलो थांबले तर पोर्ट उघडण्याऐवजी ते अडवूनच ठेवतो. कॉलेज, पतसंस्था असल्या ठिकाणी एवढं पुरेसं आहे.

जालना_भट्टी:
लूप गार्ड हवाच, पण तो लूप थांबवतो, अडकलेली प्रोसेस सांगत नाही. शिवाय आमच्या स्टीलच्या पट्ट्यात धूळ आणि उन्हाळा असा, की पंख्यावर नजर ठेवणारी प्रोसेस गप्प झाली तर पिंग तुटेपर्यंत स्विच तापलेला असतो. ती एक प्रोसेस तरी ठोक्यावर ठेवाच.

वाळूज_रात्रपाळी:
गोदाकाठ, सीपीयूचा मुद्दा मान्य. म्हणूनच मी बाहेरून विचारत बसण्याच्या विरोधात आहे. तपासणी स्विचच्या आतच व्हावी आणि काही बिघडलं तरच बाहेर निरोप यावा. बाहेरून विचारायचंच असेल तर प्रोसेस कधी सुरू झाली ती वेळ विचारा. स्विच सहा महिने चालू आणि बीजीपी कालपासून, एवढ्यावरून गुपचूप झालेलं रीस्टार्ट उघडं पडतं. त्याला भार काहीच नाही.

उदगीर_लाइन:
ही सुरू झाल्याची वेळ घ्यायची गोष्ट पटली, सोमवारी लावतो. सिंकडीसारखी असेल तर शाखा बंद झाल्यावर हातानं करू, हेही ठीक. पण बाकीच्यांचं आपोआप रीस्टार्ट मी काढणार नाही. फक्त त्याआधी लॉग (नोंदी) आणि कोअर फाइल (प्रोसेस मेली त्या क्षणीची तिच्या मेमरीची प्रत) लातूरच्या सर्व्हरवर पाठवायची सोय करतो, कारण आमच्या जुन्या स्विचांत लॉग रॅममध्येच असतो आणि लाइट गेली की पुसला जातो.

गोदाकाठ_नांदेड:
कोअर फाइल शाखेच्या २ एमबीपीएस लाइनवरून ओढणार? दिवसा नका ओढू. रात्रीची वेळ लावा आणि वेगाला मर्यादा घाला.