सही नसलेल्या ऑनलाइन खात्यात संमतीचा पुरावा कसा ठेवायचा?

निपाणी_शाखा: आमची सहकारी बँक मोबाईलवरून बचत खातं उघडायची सोय सुरू करतेय. ग्राहक निपाणी, चिकोडी, खानापूर भागातले. उद्या कुणी ‘हे खातं मी उघडलंच नाही’ म्हणालं, तर कागदावर सही नसताना दाखवायचं काय, असं संचालक मंडळ विचारतंय. ओटीपी पुरेसा आहे का? शिवाय अटी मराठीत दाखवल्या तर चालतं का?

अनुपालन_बेळगाव: नुसता ओटीपी पुरत नाही. आधारला जोडलेला मोबाईल त्या वेळी कुणाच्या तरी हातात होता, एवढंच त्यातून सिद्ध होतं. आणि आईच्या आधारला मुलाचा नंबर हे आपल्याकडे घरोघरी आहे.

सही नाही म्हणून करार रद्द होत नाही, माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम १०अ तेच सांगतं. वाद होतो तो पुराव्यावर. बहुतेक सॉफ्टवेअर लॉगमध्ये (आपोआप होणाऱ्या नोंदीत) फक्त ‘संमती: होय’ लिहून मोकळं होतं. पुढे अटी बदलल्या की जुन्या ग्राहकानं नेमकं काय मान्य केलं होतं, ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून स्क्रीनवर दिसलेला मजकूर जसाच्या तसा जपा. त्याची आवृत्ती, भाषा, टिक केल्याची सेकंदासह वेळ, आयपी पत्ता आणि आधार पडताळणीचा व्यवहार क्रमांक एकाच नोंदीत हवा. मजकुराचा हॅश (एक अक्षर बदललं तरी बदलणारा संगणकीय ठसा) त्याच वेळी काढून ठेवा. कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात हॅश लिहावा लागतो.

आधार पडताळणी, खात्याच्या अटी, सीकेवायसीतून (केवायसीच्या केंद्रीय नोंदवहीतून) माहिती घेणं आणि जाहिरातीचे मेसेज यांच्या टिक वेगवेगळ्या ठेवा. आधीच टिक केलेला चौकोन नको, ती संमतीच नव्हे.

केवायसी_डेस्क: वरच्यात एक भर. घरबसल्या फक्त आधार ओटीपीवर उघडलेलं खातं तात्पुरतंच असतं. ग्राहकाच्या अशा सगळ्या ठेव खात्यांत मिळून शिल्लक १ लाखाच्या वर जाता कामा नये, आर्थिक वर्षातली एकूण जमा २ लाखांच्या आत हवी, आणि वर्षभरात पूर्ण केवायसी झाली नाही तर खातं बंद करावं लागतं. ‘असं खातं दुसरीकडे उघडलेलं नाही’ हे ग्राहकाचं घोषणापत्रही लागतं, आणि नेमकं तेच फॉर्ममधून गळतं.

माझं मत विचाराल तर सरळ व्हिडिओ केवायसी करा. माणूस समोर दिसतो, त्यामुळे मुलाच्या मोबाईलचा प्रश्नच उरत नाही. कॉल बँकेच्याच अधिकाऱ्यानं घ्यायचा. बँक मित्र (बँकेचा गावातला प्रतिनिधी) ग्राहकाच्या बाजूला बसून मदत करू शकतो, पण उत्तरं सुचवायला लागला तर कॉल नामंजूर करा. जीपीएस आणि वेळेचा शिक्का रेकॉर्डिंगवर हवा, मूळ पॅन कार्ड कॅमेऱ्यासमोर धरायला लावा, आधारची एक्सएमएल फाईल (ऑफलाइन पडताळणीसाठी ग्राहक उतरवून घेतो ती) ३ कामकाजाच्या दिवसांपेक्षा जुनी नको. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात रेंज जाते. कॉल तुटला की सुरुवातीपासून नवीन कॉल, दोन तुकडे जोडायचे नाहीत. खातं चालू करायचं ते समवर्ती लेखापरीक्षणानंतरच, म्हणजे झालेल्या कॉलची लगोलग वेगळी तपासणी झाल्यावरच.

निपाणी_शाखा: धन्यवाद. काहींचं आधार चंदगडच्या पत्त्याचं आहे आणि राहतात बेळगावात. त्यांचं काय?

अनुपालन_बेळगाव: आधारवर केवायसी झाली असेल तर सध्याच्या पत्त्यासाठी ग्राहकाचं स्वयंघोषणापत्र चालतं. त्याचीही वेगळी टिक आणि वेगळी नोंद ठेवा. पॅनवर वडिलांचं नाव मध्ये आणि आधारवर नाही, असं दिसलं की प्रणालीनं आपोआप मंजूर न करता अधिकाऱ्याकडे पाठवावं.

भाषेचं म्हणाल तर मराठीच दाखवा, कन्नड आणि इंग्रजीचा पर्याय पहिल्याच स्क्रीनवर द्या. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा संमतीची विनंती इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत पाहण्याचा पर्याय द्यायला सांगतो, आणि मराठी, कन्नड दोन्ही त्यात आहेत. न कळणाऱ्या भाषेत ‘मान्य’ दाबून घेणं हा ग्राहकावर अन्याय आहे.

चेकबुक मागितलं तर नमुना सही लागेलच. व्हिडिओत कोऱ्या कागदावर घ्या किंवा शाखेत बोलवा. अंगठा लावणाऱ्यांना ऑनलाइनच्या मागे लावू नका, त्यांचं बायोमेट्रिक शाखेतच करा. आधार पडताळणीचे लॉग २ वर्षं हाताशी आणि पुढची ५ वर्षं संग्रहात, तर केवायसीची कागदपत्रं खातं बंद झाल्यावर किमान ५ वर्षं.