नवजात बाळासाठी सिस्टरला दोन दिवसांचं ट्रेनिंग पुरतं का?

यवतमाळची निवृत्त सिस्टर
मी २६ वर्षं उपकेंद्रात आणि पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, बाळंतपणं केली. नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमाचं दोन दिवसांचं ट्रेनिंग मलाही मिळालं. बाहुलीवर अंबू बॅग, म्हणजे तोंडावर मास्क बसवून श्वास देणारी पिशवी, दाबायला शिकवली, चांगली शिकवली. पण आमच्याकडे महिन्याला आठ-दहा बाळंतपणं, आणि न रडणारं बाळ वर्षातून तीन-चारदाच. मधल्या काळात हात विसरतो. एकदा मास्क नीट बसला नाही, कडेनं हवा जात राहिली, छाती हलेना. पहिल्या मिनिटात श्वास सुरू व्हायला हवा असतो. ते लेकरू गेलं. म्हणून म्हणते, बाहुली तालुक्याच्या हॉलमध्ये नको, लेबर रूममध्येच ठेवा. दर आठवड्याला दहा मिनिटं सराव करा.

मेळघाटातला मास्तर
ताई, वाचून जीव हळहळला. तरी मला पटत नाही. बाळंतीण तुमच्यापर्यंत पोचलीच नाही, तर तयार हातांचं काय करायचं? पावसाळ्यात नाल्याला पूर आला की गाडी अलीकडेच थांबते. १.८ किलोच्या आतलं बाळ एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या खास कक्षात, पाठवायचं, पण घाट उतरून नेईपर्यंत ते गार पडते. आधी रस्ता, गाडी द्या आणि रिकाम्या जागा भरा. दरवेळी ट्रेनिंगच काहून? ते स्वस्त पडते म्हणून.

गडचिरोलीकर
मास्तर, रस्ते नव्हते तेव्हाच आमच्या जिल्ह्यात शिकवलेल्या हातांनी बाळं वाचवली. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत गावच्याच, थोडं शिकलेल्या बाया तयार केल्या. बाळ कोरडं करून गुंडाळायचं, वजन करायचं, श्वास मोजायचे, जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायचं. तिसऱ्या वर्षी, हे काम नसलेल्या गावांच्या तुलनेत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी होते. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. गावातल्या आशा कार्यकर्त्यांच्या घरभेटी त्याच कामातून आल्या.

आशाताईची मुलगी
दादा, अर्धंच सांगितलं तुम्ही. तिथं दर पंधरा दिवसांनी डॉक्टर गावात जाऊन काम तपासत, चुकलं तर शिकवत. माझी आई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या दिवसापासून बेचाळीसाव्यापर्यंत सहा भेटी देते, सगळ्या मिळून २५० रुपये. श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त झाले की धोका, हे तिला पाठ आहे. पण तिच्यासोबत घरात येऊन पाहणारं कोणी नाही, फक्त फॉर्म पाहतात. वजनकाटा बिघडला तर दुरुस्तीला महिने जातात. मास्तरांचं बरोबर नाही आणि तुमचंही पूर्ण नाही.

मेळघाटातला मास्तर
तपासणीचं मान्य, पोरी. पण आमच्याकडे शिकलेली सिस्टर बदलून जाते, नवी येते, पुन्हा पहिल्यापासून. शिवाय घरी आजी बाळाला जन्मल्याबरोबर आंघोळ घालते. तिला कोण शिकवणार?

यवतमाळची निवृत्त सिस्टर
आजीला बाळंतपणाच्या वेळी जवळ घ्या. बाळ आईच्या छातीला लावलेलं, अंगाची ऊब तिला हात लावून पाहू द्या, मग आंघोळ दुसऱ्या दिवसावर टाकायला ती ऐकते. मी कैकदा केलं आहे. आणि बदलीचं म्हणता, म्हणूनच बाहुली खोलीतच हवी, नवी सिस्टर पहिल्याच दिवशी हात बसवील. सरावाला सफाईच्या मावशीलाही घ्या. रात्री दोन वाजता सिस्टरजवळ तीच असते. कोरडं फडकं तिनं हातात दिलं आणि घड्याळाकडे पाहून वेळ सांगितला, तर सिस्टरला बाळावरून नजर काढावी लागत नाही.