प्रति: वकील दिल्यावर आरोपीनं तारखेला जावं लागतं का?

वर एकानं लिहिलंय की वकीलपत्र दिलं की आपण कोर्टात नाही गेलो तरी चालतं. दिवाणी दाव्यात बरंचसं तसं आहे, फौजदारीत मात्र नाही. पुकारा झाला, आरोपी हजर नाही आणि वकिलानं हजेरी माफीचा अर्जही दिलेला नाही, तर वॉरंट निघू शकतं, अजामीनपात्रसुद्धा. मग ते रद्द करून घ्यायला पुन्हा अर्ज आणि विनवण्या. जामीनदारालाही नोटीस जाते. सातबारा लावून उभा राहिलेला तो बहुतेकदा गावाकडचा चुलता नाहीतर मेहुणा असतो, आणि बिचाऱ्याला गंधवार्ता नसते. शिवाय जामिनावर असताना पुरेशा कारणाशिवाय गैरहजर राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २६९ खाली वेगळा गुन्हा आहे, शिक्षा १ वर्षापर्यंत.

खरोखर अडचण असेल तर वकिलाला आदल्या दिवशीच कळवा, आजारपण असेल तर डॉक्टरांचा दाखला द्या. दोषारोप ठेवायच्या, जबाबाच्या आणि निकालाच्या तारखेला मात्र माफी मिळेलच असं धरू नका.

जबाब म्हणजे साक्षीपुरावा संपल्यावर न्यायाधीश आरोपीला प्रश्न विचारतात तो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५१ चा (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ३१३). त्याला शपथ नसते, उत्तर नाकारलं म्हणून शिक्षाही होत नाही. पण सरसकट ‘खोटं आहे’, ‘माहीत नाही’ म्हणून मोकळं होऊ नका. सांगण्यासारखं काही असेल तर वकिलाशी बोलून तिथेच सांगा.

आणि फिर्यादीच्या साक्षीदाराला ‘समजवायला’ घरी जाऊ नका. जामीन त्यानंही जातो.