पवनचक्कीवाले गावात आलेत, सह्या करायच्या आधी काय काय विचारून घ्यावं?

माळकरी:
राम राम मंडळी. धाराशिव जिल्ह्यात वाशी तालुक्यात आमचं गाव. माळावर पवनचक्क्या येणार म्हणून एजंट घरोघर फिरतोय, प्रत्येकाला वेगळा रेट सांगतो अन् वर म्हणतो शेजाऱ्याला बोलू नका. दोघातिघांनी इसार घेतला पण, ग्रामसभेत मात्र अजून चकार शब्द नाही. सरपंच म्हणतात जनसुनावणी होईल तेव्हा बोला. खरंच होते का? म्हातारी माणसं म्हणतात पंखे ढग पळवतात, पोरांना नोकरीची आशा. डोकं चालंना.

तलाठ्याचा पोरगा:
जनसुनावणीची वाट बघू नका दादा. 2006 च्या केंद्राच्या पर्यावरण अधिसूचनेत आधी मंजुरी लागणाऱ्या प्रकल्पांची यादी आहे, तिच्यात पवनऊर्जा नाहीच, त्यामुळं खाणीला होते तशी सुनावणी इथं सक्तीची नाही. म्हणजे तुमच्या हातात राहिली ग्रामसभा. तिथंही लक्ष ठेवा, गणपूर्ती 15 टक्के किंवा 100 मतदार यातली कमी असंल ती, पण सभा तहकूब झाली की पुढच्या सभेला गणपूर्ती लागत नाही अन् ना हरकत ठराव तिथंच चार टाळक्यांत उरकतात. पहिल्याच सभेला बायामाणसांसकट जा, अन् प्रोसिडिंगची नक्कल मागून घ्या.

ढालगावकडचा:
ढगांचं आमच्याकडं 2003 च्या दुष्काळात पण लई गाजलेलं, साताऱ्यात धुळ्यात सगळीकडंच. पंख्याचं टोक साधारण 200-230 मीटरवर जातं, पावसाचे ढग त्याच्या कितीतरी वर, त्यामुळं त्यात तथ्य नाही. पण कंपनीची माणसं म्हाताऱ्यांना हसली की संपलं, मग खरं सांगितलेलं पण कोण ऐकत नाही. नीट बसून समजावणारा माणूस पाठवा म्हणावं.

खरा वांधा रस्त्याचा. साताऱ्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावरची जुनी मशिनं बारकी होती, आताचं एक पातं 60-70 मीटरचं, ट्रेलर वळवायला बांध फोडतात, ओढ्यावरचा नळकांडी पूल खचतो, खालून गेलेली पाइपलाइन फुटते अन् ऐन उसाच्या पाळीला पाणी बंद. विचारायला जावं तर कंपनी म्हणती ठेकेदाराला विचारा, ठेकेदार म्हणतो कंपनीला. रस्ता कुठून जाणार त्याचा नकाशा आधी मागा अन् भरपाई कोण देणार त्याचं नाव लिहून घ्या.

सडेतोड:
अहो एवढं मागत बसलात तर प्रोजेक्ट शेजारच्या गावाला जाईल, मग बसा बोंबलत. कोरडवाहू माळाला असं काय पिकतंय?

ढालगावकडचा:
वारा काय शेजारच्या गावाला नेता येतो का भाऊ 😄 माळावर पिकत नसंल पण शेरडं तिथंच चरतात, ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याला भाडं नाही अन् इसार पण नाही, त्याला सभेत बोलू द्या.

माळकरी:
धन्यवाद सगळ्यांना. आमच्या वस्तीपासून खुणेचा दगड जेमतेम 300 पावलांवर रोवलाय, हे चालतं का?

तलाठ्याचा पोरगा:
नाही. केंद्राच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनेत आवाजासाठी राहत्या घरापासून 500 मीटर सांगितलंय. वस्तीवरच्या सगळ्यांच्या सहीनं कलेक्टर ऑफिसला अर्ज द्या, दगडाचा फोटो जोडा, पोच घ्या. अन् तारा कुणाच्या रानातून जाणार ते पण त्याच अर्जात विचारा, तारांच्या टॉवरखालच्या जागेचा मोबदला वेगळा असतो अन् तारांखालच्या पट्ट्याचा वेगळा, एजंट बहुतेक पहिलाच सांगतो.