शब्दचर्चा: खालचं पाणी ‘उसळतं’ की ‘वर येतं’?

प्रश्न

शाळकरी मुलांसाठी समुद्रावर लेख लिहिते आहे. त्यात एक वाक्य असं आहे: ‘मतलई वाऱ्यांमुळे समुद्रतळाचं पाणी उसळून वर येतं आणि समुद्र थंड होतो.’ ‘उसळून’ खटकतंय. ‘उमाळा’, ‘उद्वहन’, ‘ऊर्ध्वप्रवाह’ असे पर्याय सुचलेत. यातला कोणता बसेल?

प्रतिसाद

‘उसळून’ काढाच. उसळण्यात जोर आणि वेग दोन्ही आले. इथे पाणी दिवसभरात फार तर काही मीटर वर सरकतं, होडीत बसलेल्याला ते दिसायचंही नाही. ‘उमाळा’ही नको, कारण उमाळ्याला खालून दाब असतो. ‘उद्वहन’ म्हटलं की उद्वहन सिंचन डोळ्यांपुढे येतं, म्हणजे पाणी कोणीतरी उचलून चढवतंय. समुद्रात खालून ढकलणारं कोणी नाही आणि वर खेचणारंही नाही. वारा वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर सारतो आणि ती जागा खालचं पाणी भरून काढतं. विहिरीचा उपसा सुरू झाला की झऱ्यांचं पाणी भरत राहतं, तसं. म्हणजे उपसा वरच्या पाण्याचा आणि भरून येणं खालच्या पाण्याचं. साधं ‘वर येतं’ हेच क्रियापद इथे सगळ्यात प्रामाणिक आहे.

पण माझ्या मते खरी अडचण ‘मतलई’ची आहे. मतलई वारे रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. वाचणाऱ्याला वाटणार की वारा पाण्याला सरळ समुद्रात ढकलतो. पेरू किंवा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर वारा मुख्यतः किनाऱ्याला समांतर वाहतो आणि पाणी मात्र त्याच्या काटकोनात सरकतं. नॉर्वेचा ध्रुवसंशोधक नान्सेन याच्या ‘फ्राम’ जहाजाच्या मोहिमेत (1893 ते 1896) दिसलं की आर्क्टिकमधला बर्फ वाऱ्याच्या दिशेने न जाता तिच्या उजवीकडे 20 ते 40 अंश कलून वाहतो. स्वीडनचा समुद्रशास्त्रज्ञ एकमन यानं 1905 साली त्याचं गणित मांडलं. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचा प्रत्येक थर त्याच्या खालच्याला थोडा आणखी वळवतो. सगळ्या थरांची बेरीज केली की पाण्याची वाहतूक उत्तर गोलार्धात वाऱ्याच्या उजवीकडे आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे, बरोबर 90 अंशांत निघते.

हे पेरूवर लावून बघा. वारा दक्षिणेकडून उत्तरेकडे, जमीन उजव्या हाताला, गोलार्ध दक्षिण. पाणी डावीकडे, म्हणजे खुल्या समुद्राकडे जातं. सोमालियाच्या किनाऱ्यावर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यात याचं आरशातलं रूप दिसतं: गोलार्ध उत्तर, जमीन डावीकडे, पाणी उजवीकडे. म्हणून ‘किनाऱ्याला समांतर वाहणारे वारे’ असंच लिहा. नुसतं ‘किनारी वारे’ मोघम होतं.

‘समुद्रतळाचं’ही चुकतं. पाणी साधारण 50 ते 300 मीटर खोलीवरून येतं आणि महासागराचा तळ काही हजार मीटर खाली असतो. ‘खालच्या थरातलं पाणी’ म्हणा.

दुसरा प्रतिसाद

वरचं सगळं मान्य, पण शीर्षकाला आणि सूचीला नाम लागतं. ‘खालचं पाणी वर येणं’ तिथे मावत नाही. ‘ऊर्ध्वप्रवाह’ चालेल असं वाटतं. पाणी किनाऱ्याकडे लोटलं जाऊन खाली बसतं, त्यालाही मग ‘अधोप्रवाह’ म्हणता येईल.

प्रतिसाद

जोडी छान आहे, पण ‘प्रवाह’ म्हटलं की मुलांना वेगानं वाहणारी धार दिसते. पेरूचा थंड प्रवाह आणि तिथलं वर येणारं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक किनाऱ्याच्या कडेनं वाहतो, दुसरं उभं चढतं, आणि दोन्हीला ‘प्रवाह’ म्हटलं की तिथेच गोंधळ सुरू होतो. मी ‘अपवेलिंग’ एकदा देवनागरीत देऊन लगेच ‘म्हणजे खालचं पाणी वर येणं’ असं लिहीन.

तिसरा प्रतिसाद

‘समुद्र थंड होतो’ याकडे कोणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. थंड होतो तो पृष्ठभाग, आणि तोही दरवेळी नाही. एल निनोच्या वर्षी (म्हणजे पॅसिफिकचा विषुववृत्ताजवळचा भाग नेहमीपेक्षा उबदार होतो तेव्हा) पेरूच्या किनाऱ्यावर पाणी वर येणं चालूच राहू शकतं, पण तेव्हा वरचा उबदार थर जाड झालेला असतो. मग वर येणारं पाणीही उबदार असतं आणि त्यात नायट्रेट, फॉस्फेट ही पोषकद्रव्यं कमी असतात. त्यांवर वाढणारे प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) घटतात आणि ते खाणारे अँकोव्ही मासे विरळ होतात. 1972-73 मध्ये तिथली मासेमारी कोसळली त्याला बेसुमार मासेमारीही कारण होती, पण एल निनोनं भर घातली.

उलटही होतं. जोराचा वारा बाष्पीभवन वाढवतो आणि वरखालचं पाणी घुसळतो, तेवढ्यानंच पृष्ठभाग थंड होऊ शकतो. तेव्हा तापमानाच्या नकाशावर थंड पाण्याचा निळा डाग दिसला की ‘इथे पाणी वर आलं’ असं लगेच लिहू नये.

प्रश्नकर्ती

‘समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान’ असं लिहिते. पण पृष्ठभाग म्हणजे नेमका किती जाड थर?

तिसरा प्रतिसाद

मोजणाऱ्या साधनावर ठरतं. उपग्रहाचा अवरक्त संवेदक मिलिमीटरच्याही छोट्या अंशाएवढी पाण्याची साय वाचतो, तरंगते बोये अनेकदा मीटरभर खोलीवर मोजतात. कडक उन्हात, वारा पडलेला असताना या दोन मोजमापांत एका अंशाहून जास्त फरक येऊ शकतो. आकडा देणार असाल तर तो कशाने मोजला तेही शेजारी लिहा.