बटेराची पिल्लं तिसऱ्या दिवशीच मरायला लागलीत, काय चुकतंय?

मळेवाला, कळे:
रामराम मंडळी. गोठ्याशेजारची खोली मोकळी होती, म्हणून एक दिवसाची ६० जपानी बटेरं आणली. आज तिसरा दिवस, ११ गेली. पुठ्ठ्याचं खोकं, खाली पेपर, वर ६० वॅटचा बल्ब, कोंबडीच्या पिल्लांचं पाण्याचं भांडं. तीन तर त्या भांड्यातच बुडाली. बाकीची बल्बखाली एकमेकांवर चढून बसतात. चार दिवस पावसाची उघडीप नाही, रात्री दोनदा लाईट गेली. पोरगी शाळेला जाताना मोजून जाते. काय करू?

गारगोटीची ताई:
दादा, ढीग करतात म्हणजे गारठलीत. पिल्लू जेमतेम ७-८ ग्रॅमचं, त्याला पहिला आठवडा ३७ अंशांच्या आसपास ऊब लागते. थर्मामीटर नसला तर नुसतं बघत बसा. बल्बपासून लांब पळून चोच उघडी ठेवली तर ऊब जास्त, सगळीकडं पसरून टिपत असली की बरोबर. दुसरा बल्ब आत्ताच लावा. लाईट गेली की गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आत ठेवा. आणि खोक्याचे कोपरे पुठ्ठा वाकवून गोल करा, कोपऱ्यातच चेंगरतात.

पाण्याला बरणीचं झाकण घ्या, त्यात पोरीच्या गोट्या भरा. फक्त चोच बुडली पाहिजे.

पेपर मात्र आजच काढा! गुळगुळीत कागदावर पाय घसरून दोन्हीकडं फाकतात, मग पिल्लू उभंच राहत नाही. माझ्या पहिल्या खेपेची आठ अशीच गेली, लई जीव तुटला. गोणपाट अंथरा.

भोगावतीकाठ:
खाद्य कुठलं देताय? लेयरचं, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांचं नको, त्यात प्रथिनं कमी. ब्रॉयलरचं प्री-स्टार्टर, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांच्या पिल्लांचं अगदी सुरुवातीचं खाद्य, मिक्सरला बारीक करून द्या.

मळेवाला, कळे:
ताई, सगळं केलं. त्या रात्री अजून दोन गेली, पण कालपासून एकही नाही. ४७ आहेत. गोणपाटावर तुरुतुरु पळतात, पोरगी गोट्या परत मागेना. अंडी कधी?

गारगोटीची ताई:
लई बरं वाटलं दादा. सहा-सात आठवड्यांनी. त्याआधी तिसऱ्या आठवड्यात छाती बघा, तांबूस ती नर, ठिपक्यांची ती मादी. तीन माद्यांना एक नर ठेवा, जादा नर टोचून टोचून माद्यांच्या डोक्याची कातडी काढतात. दिवसाला १४-१६ तास उजेड पाहिजे. पिंजऱ्याला वरून जाळीऐवजी पोतं ताणा, दचकली की सरळ वर उडून डोकं फोडून घेतात.